तायडे वकिलांचं ‘परंतु असे की’

मोबाईलवर काही नवीन घ्यायचं म्हटलं की आपण सगळे सर्रकन खाली जातो, ‘मी सहमत आहे’ दाबतो आणि मोकळे होतो. कशाला सहमत झालो असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. अकोल्याचे तायडे वकील मात्र ते सगळं वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, चष्मा पुसून, बोटानं ओळ धरून. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा ते मोबाईलवरच्या नकाशाच्या अटी वाचत होते. दिवाळीत सुरू केल्या होत्या आणि आता उन्हं तापायला लागली होती.

“अजून सहमत झालो नाई,” ते म्हणाले. “मधातल्या एका कलमावर अडलो हाय.”

“मग तोपर्यंत रस्ता कसा सापडतो?”

“इचारतो लोकायले. लोकायच्या काई अटी नसतात.”

गाडी लावायच्या चिठ्ठीवर ‘मालक जबाबदार राहणार नाही’ असं छापलेलं असतं. तायडे वकील ती चिठ्ठी घेऊन तिथंच उभे राहत. “मंग कोन जबाबदार राहीन? त्याचं नाव सांग, मी त्याच्याकडे जातो.” मागे गाड्यांची रांग लागे. त्यांच्या घराजवळच्या चहाच्या हॉटेलात ‘येथे जास्त वेळ बसू नये’ अशी पाटी होती. जास्त म्हणजे किती, हे त्यांनी मालकाला इतक्यांदा विचारलं, की वैतागून त्यानं ‘अर्ध्या तासापेक्षा’ असं रंगवून घेतलं. तेव्हापासून तायडे वकील अर्धा तास झाला की उठत, बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहत आणि पुन्हा आत येऊन बसत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती टेक्सासमुळे.

मी अमरावतीला राजापेठेत होस्टिंगचा लहानसा धंदा चालवते. म्हणजे लोकांच्या वेबसाईट ठेवायला जागा देते. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवर जागा घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि शाळा, दवाखाने, कृषी केंद्रं, मंगल कार्यालयं यांना वर्षाच्या बोलीनं द्यायचे. धंदा सुरू केला तेव्हा अटी व शर्तींचं पान लागतं म्हणून एका परदेशी कंपनीचं पान उचललं, त्यांचं नाव काढून आमचं घातलं आणि विसरून गेले. असलं पान वाचतं कोण?

ढोकेसाहेबांनी वाचलं. त्यांचं बडनेरा रोडला मंगल कार्यालय आहे. ऐन लग्नसराईत त्यांची वेबसाईट दिवसभर बंद पडली आणि ते ते पान छापून घेऊन माझ्या ऑफिसात आले.

“मॅडम, हे काय लिहून ठेवलं तुमी? वाद झाला त टेक्सासच्या कोर्टात चालन म्हने. माह्यं कार्यालय बडनेरा रोडले, तुमचं हापीस राजापेठले, अन् भांडाले जाचं टेक्सासले? माह्याजवळ पासपोर्ट बी नाई!”

शेवटी ते स्वतःच हसले आणि चहा पिऊन गेले. पण मला घाम फुटला. दुसरा कोणी असता तर हसला नसता. मग ओळखीतल्या एकानं तायडे वकिलांचं नाव सुचवलं. “वेळ लावतात,” तो म्हणाला, “पण कागद असा करतात की वाद होतच नाई. वाद करनाराच वाचता वाचता थकून जाते.”

कोर्टात जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. जठारपेठेतल्या घरी पुढच्या खोलीत टेबल टाकून बसत. भिंतीवर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मला ती वाचायला लावली.

“एवढ्या मोठ्या देशाचं एका वाक्यात सांगतलं. यातला एक शब्द काढून दाखव.”

“मग तुमचे कागद एवढे लांब का होतात?”

“मी काई तेवढा हुशार नाई वं. मले जास्त शब्द लागतात.”

मग ते आत जाऊन चहा घेऊन आले. “कमल गेल्यापासून, म्हंजे मायी बायको, चहा मीच करतो. चव कशी बी असू शकते. पिनाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर प्यावा.” चहा खरोखरच जबाबदारीचा होता.

होस्टिंग म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे तू पोटभाडेकरू ठेवते. मूळ मालकाची परवानगी हाय काय?”

ती होती की नाही, मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मुंबईच्या कंपनीचा करार घेऊन गेले आणि एक अख्खी दुपार तो त्यांना वाचून दाखवला. ते खुर्चीत मागे रेलून घोरत होते असं मला वाटलं, म्हणून मी दोन ओळी भराभर उरकल्या. “मधात ‘किंवा’ होतं,” डोळे न उघडता ते म्हणाले. “ते तू गिळलं.” परवानगी होती. त्यांना माझ्यापेक्षा जास्त हायसं वाटलं.

त्यानंतर अटी लिहिणं सुरू झालं. कधी मी अकोल्याला जायची, कधी ते फोन करायचे. फोनवर ‘हॅलो’ म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. मी भाजी चिरत असायची आणि कानात आवाज यायचा, “‘तत्काळ’ म्हंजे किती?”

वेबसाईट बंद पडल्यास आम्ही ती चालू करण्याचा वाजवी प्रयत्न करू, असं मी लिहून दिलं होतं. त्यांनी ‘वाजवी’खाली रेघ मारली.

“समज, तू जेवाले बसली. ढोकेची साईट बंद पडली. तू ताटावरून उठशील काय?”

“उठते की. कितीदा उठले.”

“अन् झोपली असशील त?”

“ताप नसेल तर उठेन.”

“हे झालं वाजवी. हेच लिहू.” आणि त्यांनी खरंच लिहिलं: ‘लिहून देणार ह्या जेवत असल्यास हात धुऊन कामास लागतील. परंतु असे की, आजारी असल्यास ही अट लागू राहणार नाही.’ मी ते काढायला सांगितलं, ते ऐकेनात. आजही माझ्या अटींमध्ये ते आहे, आणि गिऱ्हाईक फोन करून आधी विचारतात, “जेवन झालं काय मॅडम? नाई, साईट बंद हाय म्हून इचारलं.”

‘देवाची करणी’ या शब्दावरून तर एक सकाळ गेली. पूर, भूकंप वगैरे आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींसाठी जुन्या पानात हा शब्द होता. तायडे वकिलांनी कागद माझ्याकडे सरकवला. “देवाले कायले मधात आनते? मी त त्याले मानत नाई, अन् तू मानत असशील त त्याच्यावर आळ कावून घेते? तो येऊन आपली बाजू मांडनार हाय काय?” त्याऐवजी त्यांनी आमच्याकडे खरोखर काय होतं ते लिहिलं. रस्त्यावरची विजेची डीपी जळणे. रस्ता खोदताना केबल तुटणे. उंदरांनी वायर कुरतडणे. वाचताना मला वाटलं, इतकं खरं मी माझ्या धंद्याबद्दल कधी बोलले नव्हते.

सगळं छान चाललं होतं. अडलं ते पुसायच्या अटीपाशी.

ती अट साधी होती. वर्ष संपलं, गिऱ्हाइकानं पुढच्या वर्षाचं काही कळवलं नाही, ईमेलला उत्तर दिलं नाही, तर महिनाभर वाट पाहायची आणि त्याची वेबसाईट पुसून टाकायची. नाही पुसली तर जागा अडून राहते. सगळीकडे असंच करतात. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“पुसलेलं परत येते काय?”

“नाही.”

“मंग हे मी लिहिनार नाई. भाडेकरूले घराबाहेर काढाचं असन त कोर्टाचा बेलिफ दारात जाते. कागद हातात देते. दार बंद असन त दाराले चिकटवते. अन् तू ईमेल पाठवून मोकळी?”

“वकीलसाहेब, वेबसाईटला दार कुठं असतं?”

“मानसाले त असते ना.”

आम्ही बराच वेळ भांडलो. मी म्हटलं, माझी गिऱ्हाइकं अर्ध्या वऱ्हाडात पसरली आहेत, मी कुठं कुठं फिरू? ते लिहायला लागले. ‘परंतु असे की, ग्राहकास किंवा त्याच्या घरातील जाणत्या व्यक्तीस समक्ष भेटून, नोटीस हातात देऊन व त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज काहीही पुसले जाणार नाही.’

“कोण जाणार भेटायला?”

“मी जाईन. मले एसटी फुकट हाय.”

एकदोन फेऱ्यांत थकतील असा विचार करून मी हो म्हटलं.

पहिली नोटीस भातकुलीच्या एका कृषी केंद्रवाल्याची होती. दुपारी त्याचाच फोन आला, अगदी दबक्या आवाजात. “मॅडम, तुमचे वकील येऊन बसले हायत. काळा कोट घालून, एवढ्या उन्हात. मी त घाबरलो ना बाप्पा! बायकोनं देवापुढं दिवा लावला.” त्यानं दुकान केव्हाच बंद केलं होतं. वेबसाईट पुसा म्हणाला. तायडे वकिलांनी ते लिहून घेतलं, सही घेतली आणि मग शेवटच्या बसपर्यंत तिथंच बसले. पिठलं-भाकर खाल्ली, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि पिशवीभर लिंबं घेऊन परत आले. दर्यापूरच्या टायपिंग क्लासवाल्यानं तर काळा कोट दारात पाहून घाबरून त्याच दिवशी वेबसाईट पुढं चालू ठेवली. नंतर मला म्हणाला, “वकील कधी येतील पुन्हा? चांगला मानूस हाय. आमच्या घरी कोनी एवढं बसत नाई.”

माझ्या नवऱ्याला हे सगळं फार गमतीचं वाटे. “तू कंपनी चालवून राह्यली का गावभेटीचा दौरा?” तो विचारायचा. पण मला काळजी वाटायला लागली होती. जागा भरत चालली होती. एका गावाला जायचं म्हटलं की तायडे वकील आठवडा घालवत, आणि त्या आठवड्यात आणखी एखाद्याचं वर्ष संपे. शेवटी मी ठरवलं, ही अट काढून टाकायला सांगायचं.

तेव्हा अचलपूरची एक वेबसाईट सगळ्यात जास्त जागा अडवून बसली होती. सलीमभाई नावाच्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याची. तिच्यात नुसत्या आवाजाच्या फाइली भरलेल्या होत्या. ईमेलला उत्तर नाही, फोन बंद.

“एवढी एक नोटीस देऊन या,” मी तायडे वकिलांना सांगितलं, “मग ती अट काढू.”

“तू बी चाल,” ते म्हणाले. “कलम काढाच्या आधी कसं चालते ते पाह्यलं पाह्यजे.”

ते अकोल्याहून अमरावतीला आले आणि आम्ही अचलपूरची बस धरली. दुल्हा दरवाज्याजवळच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. दार सलीमभाईंच्या मुलीनं उघडलं. शबाना तिचं नाव, शाळेत शिक्षिका. तायडे वकिलांनी नोटीस पुढं केली.

“सलीमभाई हायत काय?”

“अब्बा तर गेले, सर. होळीच्या आधी.”

नोटीस तशीच हवेत राहिली. मला वाटलं, आता हे वारसाचं कलम काढतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला.

“पानी भेटन काय?” ते म्हणाले. “बसतो जराक.”

आम्ही आत बसलो. खोलीच्या एका कोपऱ्यात अजून दोन हार्मोनियम कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यांचे मालक आले नव्हते आणि कोणाच्या आहेत ते घरात कोणाला माहीत नव्हतं. तायडे वकील सलीमभाईंबद्दल विचारत राहिले. कुठं शिकले, कोण कोण यायचं, हात कसा होता. वेबसाईटचं शबानाला नीट माहीत नव्हतं. “मोबाईलवर काहीतरी करत बसायचे,” ती म्हणाली. “आम्हाला वाटायचं, टाइमपास.”

मी माझ्या फोनवर ती वेबसाईट उघडली. गावांची नावं होती. चांदूर बाजार, अंजनगाव, मोर्शी, धारणी. दुरुस्त केलेली प्रत्येक हार्मोनियम वाजवून त्यांनी तिचा आवाज तिथं ठेवला होता. मी चांदूरवर बोट ठेवलं. आधी भात्याचा श्वास आला, मग चारदोन सूर, आणि मग एक म्हातारा, समाधानी आवाज म्हणाला, “लो, पंचम बैठ गया. गुरुजींना सांगा, घेऊन जा.”

शबाना चहाचा ट्रे घेऊन दारात होती. तिनं तो तिथंच जमिनीवर ठेवला आणि आत ओरडली, “अम्मी! अम्मी, बाहर आओ!”

तिची आई आली. फोनकडे पाहत खाली बसली. “और एक लगाओ,” म्हणाली. मी मोर्शी लावलं. मग धारणी. अंजनगावच्या हार्मोनियममध्ये मागून एका बाईचा आवाज होता, “खाना ठंडा हो रहा है!” आणि सूर न सोडता सलीमभाई म्हणत होते, “आया, आया.” अम्मी तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. “एक बार भी नहीं आते थे,” त्या म्हणाल्या. “हर बार आया, आया.” हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

जेवायची वेळ झाली. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. वांग्याची भाजी आणि भाकर होती. निघताना तायडे वकिलांनी खिशातली नोटीस काढली, उलटी केली आणि पाठीमागं लिहिलं, ‘घरच्यांचे म्हणणे ऐकले. राहू द्यावे.’ त्याखाली शबानाची सही घेतली.

गल्लीत आल्यावर त्यांनी मला विचारलं, “सांग आता. कलम काढाचं काय?”

मी नाही म्हटलं. जुन्या पद्धतीनं चालले असते तर तो आवाज मीच, राजापेठेत बसून, एका बोटानं पुसला असता. आणि मला ते कळलंही नसतं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. परतवाडा सुटलं, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं: कमल. मी ते वाचलं आणि पटकन मान दुसरीकडे केली.

“हाव,” ते बोलत होते. “अचलपूरले आल्तो... जेवलो ना. वांग्याची भाजी होती... गोळी घेतली... तुही ड्युटी हाय काय आज? बरं. आराम कर मंग.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग आपणहूनच म्हणाले, “वर्षा हाय ते. वाशीमले दवाखान्यात नर्स हाय.”

मग बाकीचंही त्यांनी सांगितलं.

कमलताई गेल्यावर त्यांनी त्यांचा फोन बंद केला नव्हता. रोज चार्ज करून त्यांच्या कपाटात, लुगड्यांवर ठेवायचे. आणि रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत बसून त्या नंबरवर फोन लावायचे. “उचलासाठी नाई वं. आतल्या खोलीत रिंग वाजे. घरात कोनी हाय असं वाटे.” एक दिवस त्यांनी फोन लावला, तर कपाट चूप. आणि कानात एक पोरगी बोलली, हॅलो.

“कंपनीचं काई चुकलं नाई,” ते म्हणाले. “रिचार्ज नाई केलं त नंबर दुसऱ्याले देऊ, असं लिहून होतं. मी वाचलं होतं ते. पन कोनी सांगाले आलं असतं, त त्याले म्या म्हटलं असतं, बस, हे असं असं हाय.”

बसनं एक वळण घेतलं. त्यांनी पुढच्या सीटची दांडी धरली.

“मी इचारलं, कमल कुठी हाय? ते म्हने, आबाजी, राँग नंबर. मी ठेवून देल्ला. दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा लागला. तिसऱ्या दिवशी तिनंच इचारलं, आबाजी, जेवले काय?”

“आणि नाव?” मी विचारलं. “फोनमधलं नाव बदललं नाही तुम्ही.”

“नंबर त तिचाच हाय ना,” ते म्हणाले. वर्षाला हे माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती.

आसेगाव गेलं. बरीच माणसं उतरली. बस रिकामी झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

“रविवारी वाशीमले चाललो. तिले पाहाले पाव्हने येऊन राह्यले. बाप नाई तिले. माय म्हने, कोनी जुनं मानूस बसलेलं बरं.”

“म्हणजे बोलणी तुम्ही करणार?” मी घाबरूनच विचारलं.

“नाई. वर्षा म्हने, आबाजी, तुमी नुसते बसा. काई बोलू नोका.” ते हसले. “मी हो म्हटलं.”

मग थोड्या वेळानं, “काळा कोट नको ना?”

“नको. पांढरा शर्ट घाला.”

“अन् असं हात हालवत कसं जाचं पोरीच्या घरी? काय नेतात?”

“पेढे न्या.”

“पेढे,” त्यांनी मान डोलावली. “किती नेऊ? तिच्या घरी मानसं किती हायत, हे म्या कधी इचारलंच नाई.”

आणि त्यांनी तिथंच, बसमध्ये, पुन्हा फोन लावला.